या नावाचा माणूस इथं राहत नाही

सुखरामचं नाव ज्यानं ठेवलं त्याला माणसं ओळखता येत नसावीत. सुख होतं ते नावातच, बाकी जन्मभर काळजी. आभाळ स्वच्छ असलं तरी हा वर बघून म्हणायचा, "जास्तच साफ वाटून राहिलं बाप्पा, काहीतरी होनार." पोरगी शिंकली की हा तिच्या कपाळाला हात लावून बसायचा. बैल पोटभर चरला तरी याला वाटायचं, हा आज एवढा का चरला? आणि अशा माणसाला काम कुठं मिळावं, तर चिखल्याच्या मँगनीज खदानीत, जमिनीच्या पोटात. हातात डिरिल घेऊन खडकाला भोकं पाडायची, भोकांत दारू भरणारे वेगळे. बारूद उडायच्या आधी सगळे मागं सरायचे, आणि सुखराम सगळ्यांच्या मागं.

घर मात्र चिखल्याला नव्हतं. बपेरा गावाच्या अंगाला नदीकाठी एक टोली आहे, जेमतेम तीसेक घरांची, तिथं त्याचं घर आणि धानाच्या दोन बांध्या. नदी ओलांडली की मध्य प्रदेश. बायको रंभा आणि दोन लहान पोरी टोलीवर राहायच्या. सुखराम आठवडाभर खदानीजवळच्या खोलीत पडून असायचा आणि सुटीच्या आदल्या संध्याकाळी सायकल हाणत घर गाठायचा. घंटी वाजवतच अंगणात शिरायचा, कारण अचानक समोर उभं राहिलं तर रंभा दचकेल, हीसुद्धा याला काळजीच.

नोकरी ठेकेदाराची होती. कंपनीच्या माणसाला क्वार्टर, दवाखाना, पोरांना शाळा. ठेकेदाराच्या माणसाला सकाळी फाटकाशी उभं राहून आपलं नाव पुकारलं जातं का ते ऐकायचं. पुकारलं तर काम, नाहीतर घरी जा. सुखरामचं नाव सहसा पुकारलं जायचं. पण कान देऊन उभं असताना रोज त्याचे हातपाय गार पडायचे, आणि हे त्यानं कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

शहात्तर साली पोळ्याला इश्वर आला. हा शेजारच्या गावचा, पूर्वी खदानीतच वेल्डिंग करायचा, आणि आता दोन वर्षांपासून मस्कतला होता. येताना टेपरेकॉर्डर घेऊन आला, गोरा होऊन आला आणि मोठ्यानं बोलायला शिकून आला. त्यानं सुखरामला बाजूला घेतलं.

"तिकडं डोंगर फोडून सडका बनवून राहिले," इश्वर म्हणाला. "माह्या मालकाले खडकात भोकं पाडनारे मानसं पायजेत. म्या तुहं नाव सांगून टाकलं."

"असंच जाता येते का तिकडं?"

"असं कसं येईन गा? कफील लागते. म्हंजे तिकडचा मालक. त्यानं सरकारले लिहून द्यावं लागते, का हा मानूस माहा आहे, मी याले काम देतो, यानं काही केलं तं मले धरा. तवा व्हिसा निंघते. मालक नाई तं व्हिसा नाई, मंग तू विमानाखाली जाऊन निजला तरी कोनी नेत नाई."

हा मानूस माहा आहे. सुखरामला ते वाक्य फार आवडलं. चिखल्याच्या फाटकाशी इतकी वर्षं उभा राहिला, पण असं त्याच्याबद्दल कोणी तोंडानं म्हटलं नव्हतं, लिहून द्यायची गोष्ट तर सोडाच.

"पन एक आहे," इश्वर म्हणाला. "नव्या सडकेचं काम संक्रांतीनंतर लागते. मी तवा वापस चाललो. जाताना मले तुह्या पासपोर्टचा नंबर पायजे. नंबर नसंन तं मालक कागद कायचा करंन? गोंदियाचा एक पोट्टा पासपोर्ट खिशात घेऊन तयारच बसला आहे. मंग मले दोष देऊ नको."

झालं, सुखरामची झोप गेली. इश्वरला घेऊन तो भंडाऱ्याला गेला, कचेरीत अर्ज दिला, फोटो काढला. फोटोतही चेहरा असा, की जणू कोणी त्याला वाईट बातमी सांगतंय. कचेरीतल्या बाबूनं सांगितलं, तुमच्या गावाला पोलीस चौकशीला येईल, त्याचा रिपोर्ट चांगला गेला की पासपोर्ट येईल. पत्ता सुखरामनं टोलीचा दिला, कारण घर तिथं, रेशनकार्ड तिथं.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? टोलीत चार जणांना सांगून ठेवलं असतं. पण सुखरामच्या डोक्यात भलतंच. टोलीत सांगितलं की बाजारात कळणार, बाजारात कळलं की चिखल्यात, आणि ठेकेदाराच्या कानावर गेलं की हा जाणारच आहे म्हणून तो उद्याच नाव कापणार. व्हिसा आला नाही तर मग ना इकडचा ना तिकडचा. म्हणून त्यानं तोंड शिवून घेतलं. सांगितलं फक्त रंभाला, तेही जेवता जेवता.

"मी मस्कतले जाऊन राहिलो. मालक भेटला. संक्रांतीच्या आत पासपोर्ट पायजे. पोलीस येईन इचाराले, तं भिऊ नको. सरळ नाव सांगजो."

रंभा ताटात भात वाढत होती. "बरं," ती म्हणाली. सुखरामला तेवढं पुरलं, आणि तो पुढच्या काळज्यांकडे वळला. विमानात पोट बिघडलं तर काय, तिकडचा खडक आपल्या खडकापेक्षा कठीण निघाला तर काय, अशा काळज्या त्याच्याकडे भरपूर होत्या.

दिवाळी झाली. गावोगावच्या मंडईच्या जत्रा झाल्या, रात्र रात्र दंडारीचे खेळ रंगले, इश्वर कडक इस्त्रीची पँट घालून सगळीकडे मिरवला. पासपोर्ट काही आला नाही. सुखराम घरी आला की पहिला प्रश्न, "काही आलं?" आणि दुसरा, "कोनी आलं?"

"नाई," रंभा म्हणायची आणि कामाला लागायची. बांधीतलं धान कापून झालं, अंगणाशी पेंढ्यांचं पुंजणं रचलं गेलं, तरी उत्तर तेच. इश्वरनं दोनदा निरोप धाडला. तिसऱ्यांदा स्वतःच चिखल्याला आला आणि म्हणाला, "गोंदियाच्या पोट्ट्याचा बाप माह्या घरी येऊन बसते गा. मी किती दिवस टाळू?"

मग मात्र सुखरामचा जीव राहीना. खाडा पडला तर पडला म्हणून तो पाळी सोडून ठाण्यावर गेला. आयुष्यात पहिल्यांदा. दारातून एकदा मागं फिरला, मग आत गेला. आत एक पोक्त जमादार शेंगा फोडत बसला होता.

"नाव?"

सुखरामनं नाव सांगितलं, टोली सांगितली, पासपोर्ट म्हणाला. जमादारानं शेंगा बाजूला सारल्या आणि त्याला खालून वर पाहिलं.

"अरे, तू तं नाईसच."

"म्हंजे जी?"

"म्हंजे मी सोता येऊन गेलो तुह्या टोलीवर, दिवाळीच्या आधी. या नावाचा मानूस इथं राह्यत नाई, असा रिपोर्ट गेला."

सुखरामनं भिंत धरली. जमादार काही वाईट माणूस नव्हता, त्यानं बसायला सांगितलं आणि सगळं नीट उलगडून सांगितलं. रस्त्यावर भेटला त्या गड्याला विचारलं, तो म्हणाला मी इथला नाही. पारावर म्हाताऱ्यांना विचारलं, ते म्हणाले असं नावच कधी ऐकलं नाही. पोलीस पाटील घरी नव्हता. शेवटी टोलीवर पाहुणी आलेल्या एका पोरीनं घर दाखवलं, तर अंगणातल्या बाईनंही सांगितलं, असा माणूस इथं राहत नाही.

"अंगनातली बाई? कशी व्हती जी?"

"उंच. कपाळावर गोंदन. धान पाखडत व्हती."

ती रंभाच. सुखरामला वाटलं, बिचारी घाबरली. पोलिसाची टोपी पाहून भल्याभल्यांची बोबडी वळते, ती तर बाईमाणूस.

जमादार म्हणाला, "एक करता येते. दोन इज्जतदार मानसं आन, पाटील पायजेच, अन् ते घरची बाई आन. मी बयान घेतो अन् दुसरा रिपोर्ट धाडतो. लवकर आन पन. कागद वर गेला आहे."

आता टोलीची बाजूही ऐकून घ्या, नाहीतर तुम्हाला वाटेल ही माणसं दुष्ट आहेत. तसं काही नाही. नदीकाठची वस्ती, आणि तेव्हा धान-तांदूळ सरकारच्या परवानगीशिवाय इकडून तिकडं न्यायला बंदी. पलीकडे भाव चांगला. मग कोणाचं एखादं पोतं डोक्यावरून नदी ओलांडायचंच. त्यामुळे पोलिसानं एखाद्याचं नाव विचारलं की टोलीतलं शेंबडं पोरही सांगायचं, इथं असा कोणी नाही. बापाचं नाव विचारलं तरी हेच उत्तर. ती शिकवण होती, आपल्या माणसाला सांभाळायची रीत होती. त्यात ते साल आणीबाणीचं. नसबंदीची गाडी गावोगाव फिरत होती, बाजारातून माणसं उचलल्याच्या बातम्या रोज येत होत्या. दोन लेकरांच्या बापाचं नाव घेऊन खाकीतला माणूस आला, म्हणजे टोलीनं काय समजायचं?

सुखराम रागातच पारावर आला. जन्मात कोणावर ओरडला नव्हता, म्हणून आवाज कसा चढवायचा तेच त्याला जमेना.

"काहून नाई म्हनलं गा तुम्ही? काहून?"

पुंडलिकराव टोलीतला सगळ्यात म्हातारा. त्याला राग वगैरे काही कळलाच नाही, उलट छाती फुगवून तो म्हणाला, "अरे लेकाच्या, उपकार मान. तो मले इचारून राहिला, सुखरामले किती लेकरं? म्हनलं, कोन सुखराम? गाडीत टाकून नेलं असतं तुले, अन् दोन दिवसांनी फेंगडा चालत आला असता."

बाकीचे हसले. सुखराम तिथंच मटकन खाली बसला आणि त्यानं मस्कत, मालक, पासपोर्ट, गोंदियाचा पोट्टा, सगळं सांगून टाकलं. सांगता सांगता त्याला रडू आलं. मग हसणं थांबलं.

"बह्याड आहेस का बे?" पुंडलिकराव म्हणाला. "आधी सांगाचं ना. पुऱ्या टोलीनं ओरडून सांगितलं असतं."

पोलीस पाटील यादोराव हा वेगळाच नमुना. गावात पोलीस आला की पोलीस पाटील बांधीत, अशी त्याची ख्याती. ठाण्यावर चल म्हटल्यावर त्याला एकदम कंबरदुखी आठवली. खरी गोष्ट अशी, की त्याच्या ओसरीत लोकांची पोती होती, आणि बयान देऊन झाल्यावर जमादार म्हणाला, चला पाटील, तुमच्याकडेच चहा घेऊ, तर? शेवटी पुंडलिकरावानं त्याला सगळ्यांसमोर झापलं. पोती आधी हलली, मग पाटलाची कंबर बरी झाली.

घरी सुखराम रंभाला ओरडला नाही. तिच्याजवळ बसून म्हणाला, "भ्याली ना तू? मले समजते. उद्या ठान्यावर मी संग राहीन, भिऊ नको."

रंभानं त्याच्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मग चुलीतलं लाकूड पुढे सारलं. "बरं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पोरींना शेजारच्या मंदाबाईकडे ठेवून बैलबंडी निघाली. पुंडलिकरावानं धुतलेलं धोतर नेसलं होतं. यादोराव वाटभर घाम पुसत होता. सुखराम बैलांकडे बघत होता, आणि बैल हळू का चालतात, की आज मुद्दाम हळू चालतात, हे त्याला कळत नव्हतं. रंभा पदर डोक्यावर घेऊन बंडीच्या मागल्या टोकाला बसली होती.

ठाण्यावर पाटलाचं बयान झालं. हा माणूस टोलीचा आहे, याचा बाप भय्याजी, आजा इथलाच, चालचलन चांगलं. पुंडलिकरावाचं झालं. म्हाताऱ्यानं सही करताना जमादाराला बजावलं की या पोराला गाडीत घालू नका. जमादारानं नवा कागद ओढला आणि रंभाकडे वळला.

"बाई, मागं तुम्ही मले सांगितलं, हा मानूस इथं राह्यत नाई. काहून सांगितलं?"

"भ्याली जी ते," सुखराम पटकन म्हणाला. "बाईची जात, टोपी पाहून भ्याली."

"तिले बोलू दे."

रंभानं पदर थोडा मागं सारला.

"नाई जी, भ्याली नाई मी. मले ठाव व्हतं तुम्ही कायले आले ते. यायनं मले सांगून ठेवलं व्हतं, का पोलीस येईन, सरळ नाव सांगजो."

सुखरामला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. पाटलानं घाम पुसायचं थांबवलं.

"मंग?" जमादार म्हणाला.

"पोळ्यापासून यायनं मले सांगितलंच फक्त. जाऊन राहिलो म्हनाले, मालक भेटला म्हनाले, पासपोर्ट म्हनाले. इचारलं काहीच नाई. मंग तुम्ही आले, अन् अंगनात उभे राहून इचारलं, बाई, हा मानूस इथं राह्यते का? या कामात मले कोनी पहिल्यांदा काही इचारलं, तं ते तुम्ही. मी म्हनलं, आता नाई म्हनलं तं जात नाई हा मानूस. तं म्हनलं नाई." ती थांबली, आणि आवाज जरा खाली आला. "खदानीत असते तं आठवड्यानं सायकलची घंटी तं ऐकू येते. तिकडून काय ऐकू येनार मले?"

सुखरामला तिचा राग यायला हवा होता. दिवाळीच्या आधीपासून ती तोंडावर खोटं बोलली होती, सोन्यासारखं काम तिनं मातीत घातलं होतं. पण राग काही येईना. आली ती लाज, आणि ती इतकी आली की त्याला मान वर करवेना. पोळ्यापासून त्यानं जगातली एकेक काळजी केली होती, विमानाची, खडकाची, ठेकेदाराची. रंभाला हे हवं आहे का, ही काळजी तेवढी केली नव्हती.

जमादारानं पेन खाली ठेवला. "आता मी काय लिहू? राह्यते लिहू का नाई राह्यत लिहू? माह्याकडं काय पाह्यतं सुखराम? तिले इचार."

पाटलासमोर, म्हाताऱ्यासमोर, पोलिसासमोर बायकोला विचारायचं. सुखरामचे कान तापले. ती नाही म्हणाली तर सगळं इथंच संपणार, नंबर नाही, कफील नाही, गोंदियाचा पोट्टा विमानात. आणि तरीही आता न विचारता पुढे जाता येणार नाही, हे त्याला कळत होतं.

"जाऊ का मी?" त्यानं विचारलं.

"कायले जाता?" रंभा म्हणाली.

त्यानं पैसा म्हणायला तोंड उघडलं, आणि भलतंच बाहेर आलं. "मले रोज भेव वाटते वो. सकाळी फाटकाशी उभा राह्यतो तं वाटते, आज नाव पुकारत नाई. खाली गेलो तं वाटते, वरून कोसळते. तिकडचा मालक लिहून देते म्हने, का हा मानूस माहा आहे. एकदा तसं कोनी लिहून दिलेलं मले पाह्याचं आहे."

"अन् तिकडं भेव नाई वाटनार?"

"वाटंनच," सुखराम खरं ते बोलला, आणि पुंडलिकराव फिस्सकन हसला.

रंभानं पदर पुन्हा डोक्यावर घेतला. मग तिनं अंगठ्यासाठी हात पुढे केला.

"लिहा जी. राह्यते म्हना, टोलीवरच राह्यते." शाईत अंगठा बुडवून ती सुखरामकडे वळली. "जा. दोन साल. तिसरं लागलं अन् तुम्ही आले नाई, तं मी याच साहेबाले बोलावून सांगीन, का या नावाचा मानूस इथं राह्यत नाई. तवा ते खोटं राह्यनार नाई."

जमादारानं अंगठा घेतला आणि खाली तारीख टाकली.

पासपोर्ट अगदी संक्रांतीच्या तोंडावर आला. इश्वर नंबर घेऊन गेला, शिमग्याच्या सुमारास व्हिसा आला, आणि सुखराम गेला. पोरींना जवळ घेऊन रडला, रंभासमोर रडला नाही, बंडीत बसल्यावर पुन्हा रडला. तिकडे त्यानं डोंगर फोडले. मालकानं खरंच लिहून दिलं होतं, तो कागद इश्वरनं त्याला दाखवलाही. अरबी अक्षरं होती, त्याला एकही वाचता आलं नाही, पण तो बराच वेळ बघत बसला.

दुसरं साल संपत आलं तेव्हा मालकानं आणखी दोन वर्षांचा करार पुढे केला, पगार वाढवून. इश्वरनं किती समजावलं, असा मालक पुन्हा मिळत नाही, लोक यासाठी जीव टाकतात. सुखरामनं सही केली नाही.

"काहून पन?" इश्वर चिडून म्हणाला.

"बायकोनं ठान्यात सांगून ठेवलं आहे," सुखराम म्हणाला. इश्वर पोट धरून हसला. सुखराम हसला नाही, त्याला खरीच काळजी लागली होती.